हजेरीपत्रकाचे वाचन : वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयीन उपस्थिती, अपेक्षा आणि आधार

प्रस्तावना

सत्र संपत आले की महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक यादी लागते. ७५ टक्क्यांपेक्षा कमी उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यांची ती यादी असते. त्यानंतरचे आठ-दहा दिवस कार्यालयाच्या खिडकीपाशी गर्दी राहते. वैद्यकीय प्रमाणपत्रे येतात, पालक येतात, हमीपत्रे लिहून घेतली जातात आणि परीक्षा अर्जाची मुदत संपेपर्यंत यादीतील बहुतेक नावे गळून पडतात. जी थोडी उरतात ती बहुधा अशा विद्यार्थ्यांची असतात, ज्यांच्या वतीने कोणीही आलेले नसते. महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाला हे दृश्य नवे नाही.

या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट मात्र सहसा घडत नाही. यादीतील विद्यार्थी वर्गात का येत नव्हता, हा प्रश्न त्याला विचारला जात नाही. विचारला गेलाच तर त्याच्या उत्तराचा उपयोग होण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते. उपस्थितीची अपेक्षा आणि ती पूर्ण करण्यासाठी लागणारा आधार या दोन गोष्टी महाविद्यालयीन व्यवस्थेत वेगवेगळ्या हातांत आहेत. अपेक्षा परीक्षा विभागाकडे आहे; आधार, असलाच तर, समाजकल्याण खात्याकडे, एस.टी. महामंडळाकडे किंवा एखाद्या कनवाळू प्राध्यापकाकडे. या दोहोंना जोडू शकणारा एकच दस्तऐवज महाविद्यालयापाशी असतो व तो म्हणजे हजेरीपत्रक. ते कसे आणि केव्हा वाचावे, याचे विवेचन वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केले आहे.

नियम आणि त्याची मर्यादा

प्रथम पदवीच्या अध्यापनाची किमान मानके ठरविणाऱ्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००३ च्या नियमावलीत, परीक्षेस बसण्यासाठी आवश्यक असलेली उपस्थिती विद्यापीठाने ठरवावी व ती सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांपेक्षा कमी नसावी, असे म्हटले होते. वर्षाला १८० अध्यापन दिवस, म्हणजे सत्राला ९०, हा हिशेबही याच परंपरेतला. १८० हा आकडा त्याहून जुना आहे; डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) परीक्षेचे दिवस वगळून तेवढे कामाचे दिवस मागितले होते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) महाविद्यालयांसाठी ३६ आठवड्यांची अपेक्षा व्यक्त केली. डिसेंबर २०२४ मध्ये अनुदान आयोगाने प्रसिद्ध केलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात किमान उपस्थिती ठरविण्याचे काम शिक्षणसंस्थांवरच सोपविण्याचा विचार मांडला गेला. म्हणजे टक्केवारी कोठून आली याचे उत्तर 'वरून' असे देऊन मोकळे होण्याची सोय यापुढे कमी होत जाणार आहे.

टक्केवारीचा संबंध केवळ परीक्षेशी नाही. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठीही ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याला वर्गात येणे आर्थिकदृष्ट्या सर्वांत अवघड, त्याच्याच बाबतीत न येण्याची किंमत सर्वांत मोठी ठरते. शुल्क स्वतः भरू शकणारा विद्यार्थी अनुपस्थित राहिला तर त्याला एक हमीपत्र द्यावे लागते. शिष्यवृत्तीधारक अनुपस्थित राहिला तर त्याचे पुढील वर्षच अडचणीत येते.

नियमाची बाजू कमकुवत आहे असे मात्र नाही. वर्गातील उपस्थितीवर झालेल्या अनेक संशोधनांचे एकत्रित विश्लेषण मार्कुस क्रेडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केले. महाविद्यालयीन गुणांचा अंदाज बांधण्यासाठी प्रवेशपरीक्षेतील गुण किंवा शालेय गुण यांपेक्षाही उपस्थिती अधिक उपयोगी ठरते, असे त्यांना आढळले. त्याच विश्लेषणातील दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे व तो फारसा उद्धृत केला जात नाही. उपस्थिती सक्तीची केल्याने सरासरी गुणांत होणारी वाढ थोडीच होती. वर्गात येणे फलदायी आहे. परंतु सक्ती हा वर्गात येण्याचे फळ मिळवून देणारा खात्रीचा मार्ग नाही.

न्यायालयांनाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली आहे. उपस्थिती कमी भरल्याने परीक्षेस बसू न दिलेल्या विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याच्या २०१६ मधील आत्महत्येनंतर सुरू झालेल्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०२५ रोजी निर्णय दिला. केवळ किमान उपस्थिती नाही या कारणावरून विधी महाविद्यालयातील कोणत्याही विद्यार्थ्याला परीक्षेपासून वंचित ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. हा निर्णय विधी शिक्षणापुरता आहे. इतर शाखांना तो आपोआप लागू होत नाही. तथापि सत्राच्या अखेरीस लागणारी यादी हा केवळ कार्यालयीन कागद नाही, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे.

टक्केवारी काय सांगत नाही

एक साधे गणित करून पाहावे. एका महाविद्यालयात दररोज चार तासिका होतात आणि सत्रात ९० दिवस अध्यापन होते. एक विद्यार्थी ९० पैकी ९० दिवस येतो, परंतु गावाकडची शेवटची सोयीची बस चौथ्या तासिकेच्या मध्यावर सुटत असल्याने तो रोज तीन तासिका करून निघतो. त्याची एकूण उपस्थिती नेमकी ७५ टक्के भरते. तो एक दिवस तापाने घरी राहिला की तो नियमाखाली जातो. उपस्थिती विषयनिहाय मोजली, आणि चौथी तासिका वर्षभर एकाच विषयाची असली, तर त्या विषयात त्याची उपस्थिती शून्य टक्के आहे. तो त्या प्राध्यापकांच्या दृष्टीने 'कधीच न येणारा' विद्यार्थी असतो. पहिल्या तासिकेच्या प्राध्यापकांच्या दृष्टीने तो सर्वांत नियमित असतो.

आता दुसरा विद्यार्थी घ्यावा. तो जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा बराच काळ चारही तासिकांना बसतो आणि ऑक्टोबरमध्ये एकदम २२ दिवस दिसत नाही. त्याचीही टक्केवारी ७५ च्या आसपास येते. तिसरी विद्यार्थिनी पहिल्या महिन्यात रोज येते, दुसऱ्यात आठवड्यातून चार दिवस, तिसऱ्यात दोन दिवस. सत्राच्या मध्यावर तिचीही बेरीज पहिल्या दोघांसारखीच दिसू शकते. तिघांची संख्या एक, कारणे तीन, आणि तिघांना लागणारा आधार सर्वस्वी निराळा. बेरीज केली की हा भेद पुसला जातो. हजेरीपत्रक आडवे वाचले तर विद्यार्थी दिसतो, उभे वाचले तर दिवस आणि तासिका दिसतात. दोन्ही दिशांनी वाचल्याशिवाय अनुपस्थितीचा आकार लक्षात येत नाही.

एस.टी.चे वेळापत्रक आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे). २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती व तिचा मोठा भाग ग्रामीण आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील पुलगाव व सिंदी आणि बल्लारपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील हिंगणघाट येथील विद्यार्थ्यांना रेल्वेचा पर्याय आहे. वर्धा-देवळी-कळंब मार्ग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आर्वी, आष्टी आणि कारंजा या उत्तरेकडील तालुक्यांतील विद्यार्थ्याला मात्र प्रामुख्याने रस्त्याचाच आधार आहे. १९१७ साली सुरू झालेली पुलगाव-आर्वी ही अरुंदमापी गाडी बंद पडून कित्येक वर्षे लोटली. तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे म्हणून प्रश्न मिटत नाही; विद्यार्थी तालुक्याच्या गावात राहत नसून त्याच्या आसपासच्या खेड्यांत राहतो, आणि त्या खेड्याला दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली पाचवी ते बारावीच्या ग्रामीण विद्यार्थिनींना एस.टी.चा पास मोफत मिळतो. बारावी उत्तीर्ण होऊन पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की ही सवलत संपते. त्यापुढे विद्यार्थ्यांसाठीच्या मासिक पासावर सुमारे दोनतृतीयांश सूट आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. त्यामुळे आर्थिक भार पूर्वीपेक्षा हलका झाला आहे हे मान्य केले पाहिजे. जून २०२४ मध्ये महामंडळाने पास थेट शाळा-महाविद्यालयांत पोचविण्याची मोहीमही हाती घेतली. तरीही पैशाइतकाच वेळेचा प्रश्न उरतो. खेड्यातील मुलीच्या शिक्षणाला घरची संमती पुष्कळदा एका न बोललेल्या अटीवर मिळालेली असते, आणि ती अट म्हणजे दिवेलागणीपूर्वी घरी येणे. पाच वाजताचे प्रात्यक्षिक ही त्या घरात केवळ गैरसोय ठरत नाही, तर शिक्षण थांबविण्याचे निमित्तही ठरू शकते.

बस हा उपस्थितीचा किती मोठा घटक आहे, याचा अनुभव २०२१ मध्ये आला. करोनाच्या साथीत बंद झालेली राज्यातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. दीड वर्षाच्या खंडानंतर वर्ग उघडले होते, पण वर्गापर्यंत पोचविणारे वाहन उभे होते. त्या काळात ज्यांची सवय तुटली त्यांच्यातील काही पुन्हा वर्गात बसलेच नाहीत.

उपाय नेहमीच खर्चाचा असतो असे नाही. शेवटच्या तासिकेचा विषय आठवड्यागणिक बदलत ठेवला तर वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान एका विषयावर न कोसळता सर्व विषयांत विभागले जाते. प्रात्यक्षिकांच्या तुकड्या आडनावाच्या आद्याक्षरावरून पाडण्याऐवजी येण्याच्या मार्गावरून पाडल्या, तर दूरच्या विद्यार्थ्यांची तुकडी सकाळी बसविता येते. जिल्ह्यात वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव आणि तळेगाव अशी एस.टी.ची आगारे आहेत. कोणत्या मार्गावर किती विद्यार्थी आहेत, ते किती वाजता सुटतात, याची आकडेवारी घेऊन प्राचार्य आगारप्रमुखांकडे गेले तर त्या मागणीला वजन येते. केवळ 'बस वाढवावी' अशा निवेदनाला ते येत नाही. ही आकडेवारी प्रवेश अर्जातच असते. ती मोजायची मात्र राहून जाते.

सवंगणी, वेचणी आणि विषम सत्र

जून-जुलैत सुरू होणारे विषम सत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षेपाशी येते. वर्धा जिल्ह्यातील खरिपाची प्रमुख पिके कापूस, सोयाबीन आणि तूर ही आहेत. सोयाबीनची सवंगणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालते आणि तिला लागूनच कापसाची पहिली वेचणी येते. वार्षिक परीक्षापद्धतीत या काळात बुडालेला अभ्यास जानेवारी-फेब्रुवारीत भरून काढता येत असे. सत्र पद्धतीत तो अवधी उरला नाही. जो पंधरवडा शेतीत सर्वांत निकडीचा, तोच अंतर्गत चाचणी, प्रकल्प आणि प्रात्यक्षिक वही तपासणीचाही ठरला.

शहरात वाढलेल्या प्राध्यापकाला ही निकड कधी कधी सबबीसारखी वाटते. फुटलेल्या बोंडातील कापूस झाडावर राहिला आणि त्यावर परतीचा पाऊस झाला तर त्याची प्रत उतरते. शेंगा वाळलेले सोयाबीन उभे राहिले तर शेंगा तडकून दाणे जमिनीवर पडतात. सवंगणीच्या दिवसांत मजूर एकाच वेळी सर्वांना हवा असतो, त्यामुळे घरातील हात मोजले जातात. अल्पभूधारकाच्या घरी ते हात स्वतःच्या शेतात लागतात. भूमिहीनाच्या घरातील मुलगी किलोच्या हिशेबाने दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते आणि त्या मजुरीतून परीक्षा शुल्क भरते. ती तासिका बुडवीत आहे हे खरे, आणि ती महाविद्यालयात टिकून राहावी म्हणूनच ती बुडवीत आहे हेही तितकेच खरे.

पोळ्याला, आणि दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला, सिंदीसारख्या गावातील वर्ग रिकामे असतात याची कोणी तक्रार करीत नाही. सणाची अनुपस्थिती सर्वांची असते म्हणून ती दिसत नाही. सवंगणीची अनुपस्थिती मात्र वर्गातील काहींचीच असते, म्हणून ती त्यांचा दोष ठरते.

शेतीच्या हंगामासाठी महाविद्यालय बंद ठेवावे, असे येथे सुचवावयाचे नाही. नव्वद दिवसांची मर्यादा त्याला वाव देत नाही आणि तसे करणे अध्यापनाच्या हिताचेही नाही. परंतु सवंगणीच्या पंधरवड्यात चाचणी न ठेवणे, बुडालेले प्रात्यक्षिक करण्यासाठी दिवाळीपूर्वी एक व दिवाळीनंतर एक दिवस राखून ठेवणे आणि परतलेल्या विद्यार्थ्यांसाठी विषयनिहाय दोन-तीन भरपाई तासिका घेणे, एवढे महाविद्यालयाच्या अधिकारात आहे. विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी सांगावे, ही अपेक्षा त्या बदल्यात ठेवता येते. न सांगता गेलेला आणि सांगून गेलेला यांत फरक करणारा नियम विद्यार्थ्याला समजतो व तो पाळतोही.

दयेपोटी लावलेली हजेरी

हजेरीपत्रकाच्या वाचनातील सर्वांत मोठा अडथळा म्हणजे ते खरे नसणे. याबाबत महाविद्यालयांत मोकळेपणाने बोलले जात नाही. विद्यार्थी गरीब आहे, शिष्यवृत्ती जाईल, वर्ष वाया जाईल, या विचाराने प्राध्यापक रिकाम्या चौकटी भरून देतात. यामागची भावना चांगली असते. काही ठिकाणी कारण इतके उदात्त नसते. मूल्यांकन समिती येणार असते किंवा तुकडीची विद्यार्थिसंख्या टिकवायची असते.

हेतू कोणताही असो, परिणाम एकच होतो. कागदोपत्री ८० टक्के उपस्थित असलेल्या विद्यार्थ्यासाठी भरपाई तासिका मागता येत नाही. ज्या मार्गावर सगळे विद्यार्थी नियमित आहेत असे नोंदले गेले, त्या मार्गावर बसची मागणी करता येत नाही. ऑक्टोबरमध्ये वर्ग भरलेला दाखविला तर चाचणी पुढे ढकलण्याचे कारण उरत नाही. दयेने भरलेली चौकट विद्यार्थ्याला एका परीक्षेपुरती वाचविते आणि त्याची अडचण कायमची अदृश्य करते. सूट द्यावयाची असेल तर ती नियमानुसार, प्राचार्यांच्या स्वाक्षरीने, कारण लिहून द्यावी. विद्यापीठीय नियमांत आजारपण वा तत्सम कारणांसाठी क्षमापनाची तरतूद असते ती याचसाठी. हजेरीपत्रक मात्र जसे घडले तसेच राहावे.

यंत्र बसविल्याने हा प्रश्न सुटतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. जून २०१८ मध्ये राज्य शासनाने नागपूरसह पाच विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक उपस्थिती बंधनकारक केली. वर्धा जिल्हा नागपूर विभागातच येतो. तो निर्णय खाजगी शिकवणी वर्गांशी संगनमत करून चालणाऱ्या नाममात्र महाविद्यालयांना आळा घालण्यासाठी होता व त्या हेतूने तो समजण्याजोगा होता. पण अंगठा उमटला की नाही एवढेच यंत्र सांगते. न उमटण्याचे कारण विचारण्यास माणूसच लागतो.

उपस्थिती आणि सहभाग

वर्गात बसणे आणि वर्गात असणे यांतील अंतर प्राध्यापकांना वेगळे सांगावयास नको. अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विद्यार्थी-सहभागाच्या सिद्धान्तानुसार विद्यार्थी शिक्षणात जितकी शारीरिक व मानसिक ऊर्जा गुंतवितो, तितके त्याचे शिकणे व टिकणे अवलंबून असते. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ पासून केलेली मांडणी याला पूरक आहे. महाविद्यालय सोडून जाणे ही एका दिवसाची घटना नसून संस्थेशी असलेले शैक्षणिक व सामाजिक नाते हळूहळू सैल होण्याची प्रक्रिया असते. वर उल्लेखिलेली तिसरी विद्यार्थिनी, जिची हजेरी महिन्यागणिक विरत गेली, ती या प्रक्रियेतून जात असते. बस चुकणाऱ्याची हजेरी ठरावीक तासिकेला तुटते, सवंगणीवाल्याची ठरावीक दिवसांत; तिची हजेरी मात्र कोठेही ठळकपणे तुटत नाही, म्हणूनच ती सर्वांत उशिरा लक्षात येते.

तिच्या विरत जाण्याचे एक सर्वपरिचित कारण भाषा हे आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षात इंग्रजी व्याख्यानासमोर बसते. पहिल्या दोन आठवड्यांत ती सर्व उतरवून घेते, तिसऱ्या आठवड्यात उतरवून घेतलेले समजत नाही हे तिला कळते, आणि प्रश्न विचारावयाचा तर तो इंग्रजीत विचारावा लागेल या भीतीने ती गप्प राहते. प्राध्यापकाने पहिल्या महिन्यात 'प्रश्न मराठीतच विचारावेत' एवढे म्हटले तरी पुष्कळ अंतर कमी होते. कित्येक प्राध्यापक हे करीतही असतात. वेळापत्रकात किंवा अहवालात त्याची नोंद कोठे होत नाही इतकेच.

याच विद्यार्थ्यांचे दुसरे रूप राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दिसते. वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा सात दिवसांच्या शिबिरात पहाटे उठून प्रभातफेरी काढतो, बंधाऱ्याचे दगड वाहतो आणि संध्याकाळी ग्रामस्थांसमोर बोलतो. त्याच्यात सहभागाची वृत्ती नाही असे म्हणता येत नाही. वर्गाने त्याला करण्यासारखे काही दिले नाही, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

सेवाग्रामची परंपरा

हा विचार वर्ध्याला नवा असू नये. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा तयार केला. शाळेचे वर्षाला २८८ दिवस कामकाज, रोज साडेपाच तास आणि त्यातील तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगासाठी, असे त्याचे स्वरूप होते. वर्षाला २८८ दिवसांची ही अपेक्षा आजच्या १८० दिवसांच्या दीडपटीहून अधिक आहे. ती कठोर होती. परंतु मुलाच्या घरी जे काम चालते तेच शाळेत ज्ञानाचे माध्यम होईल, या गृहीतावर ती उभी होती. कापूस हा तेथे शाळेपासून दूर नेणारा नव्हता. कापसातूनच गणित, भूगोल आणि इतिहास शिकवावयाचा होता. पदवी अभ्यासक्रम मूलोद्योगावर उभा करता येणार नाही हे उघड आहे. पण २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्प व प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या कापसाचा वेचणीपासून बाजार समितीपर्यंतचा खर्च व विक्रीचा हिशेब प्रकल्प म्हणून मांडला, तर ऑक्टोबरमधील काही दिवस अनुपस्थितीच्या खात्यात न जाता अभ्यासाच्या खात्यात जातील.

सेवाग्राम येथेच १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवागत विद्यार्थी प्रारंभी आश्रमात संस्कार शिबिरासाठी राहतात. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते व विद्यार्थ्यांकडे त्या गावातील काही कुटुंबे सोपविली जातात. खादीचा पोशाख, प्रार्थना, श्रमदान अशा अपेक्षा तेथे स्पष्टपणे आणि पहिल्याच दिवसांत सांगितल्या जातात. निवासी वैद्यकीय संस्थेची साधने सर्वसाधारण महाविद्यालयाजवळ नसतात, ही तुलना त्या अर्थी अपुरी आहे. घेण्यासारखे एवढेच की तेथे विद्यार्थ्याकडून काय हवे ते अभ्यासक्रमापूर्वी सांगितले जाते, आणि सांगणारे विद्यार्थ्याबरोबर राहून ते सांगतात.

अपेक्षा आणि आधार एकाच हातात

न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत २००७ पासून चाललेला 'असॅप' हा कार्यक्रम या संदर्भात उद्बोधक आहे. त्यातील विद्यार्थ्याकडून पूर्णवेळ प्रवेश आणि मार्गदर्शकाच्या नियमित भेटी अपेक्षित असतात. त्याच्या बदल्यात शुल्कातील तूट, पाठ्यपुस्तके आणि शहरातील प्रवासाचे कार्ड मिळते. यादृच्छिक निवडीने झालेल्या मूल्यमापनात तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण या कार्यक्रमात सुमारे ४० टक्के, तर इतरांत सुमारे २२ टक्के आढळले. कार्यक्रमाचे मर्म त्या प्रवासाच्या कार्डात आहे. ते दरमहा मिळते, आणि ते मार्गदर्शकाला भेटण्याशी जोडलेले असते. अपेक्षा व आधार एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हातून.

वर्ध्यातील महाविद्यालयाला न्यूयॉर्कसारखा निधी मिळणार नाही. शिक्षक-पालक योजना मात्र बहुतेक महाविद्यालयांत कागदावर असतेच. एस.टी.च्या सवलतीच्या पासासाठी लागणारे प्रमाणपत्रही महाविद्यालयच देते, पण ते कार्यालयाच्या खिडकीतून मिळते. तेच प्रमाणपत्र शिक्षक-पालकांच्या हातून द्यावयाचे ठरविले तर वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची दरमहा एक भेट आपोआप होईल. त्या भेटीत बोलावयाचे ते मागील महिन्याच्या हजेरीच्या आकाराविषयी. पहिले वाचन तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस व्हावे. प्रवेशाच्या फेऱ्यांमुळे उशिरा आलेल्यांचे त्यांच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर आकार दिसू लागलेला असतो आणि हाती सत्राचे दोन महिन्यांहून अधिक दिवस शिल्लक असतात.

भेटीची एक मर्यादा पाळावी लागते. अनुपस्थिती दिसताच घरी दूरध्वनी करण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ होत आहे. मुलाच्या बाबतीत त्याने क्वचित लाभ होत असेल. मुलीच्या बाबतीत 'आपली मुलगी आज वर्गात नव्हती' हे एक वाक्य तिचे महाविद्यालय बंद करण्यास पुरेसे होऊ शकते, आणि ती त्या दिवशी ग्रंथालयात किंवा चुकलेल्या बसच्या थांब्यावर असू शकते. म्हणून पहिला प्रश्न विद्यार्थिनीलाच विचारावा. घराशी संपर्क तिच्या माहितीनेच व्हावा.

छापील हजेरीपत्रकात उजव्या टोकाला 'शेरा' असा एक अरुंद रकाना असतो. तो बहुधा वर्षभर कोरा राहतो. भेटीत कळलेले कारण तेथे दोन शब्दांत लिहिता येते : 'शेवटची बस', 'वेचणी', 'इंग्रजी', 'वडील आजारी'. सत्र संपल्यावर एका वर्गाचे हे शेरे एका कागदावर उतरविले, तर पुढील वर्षाचे वेळापत्रक ठरविणाऱ्या समितीपुढे ठेवण्यासाठी तो कागद पुरेसा असतो.